एक कार्ड कमांडने डाउन केलं म्हणजे बाँडिंगची टेस्ट झाली का?

प्रश्न असा आहे: ‘लिनक्स सर्व्हरवर दोन नेटवर्क कार्डांचं बाँडिंग केलंय, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी केलीय. एक लिंक गेली तरी काम चालू राहतं का हे बघायला एक कार्ड कमांडने डाउन केलं, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का हे बघणारी छोटी हाक) चालू राहिलं. एवढं पुरे ना?’

नाही. याच मुद्द्यावरून एका वरिष्ठ सहकाऱ्याचं आणि माझं बरेच दिवस फाटलं होतं, तेव्हा उत्तर लांबणार.

कमांडने कार्ड डाउन केलं की लिंक गेल्याचं तुम्हीच कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगून टाकता. लिंक गेली हे बाँडिंगला आपलं आपण ओळखता येतं का, हे कुठे तपासलंत? शिवाय कित्येक कार्डांच्या बाबतीत स्विचकडचा दिवा तेव्हाही चालूच राहतो.

आमच्याकडे दोन डेटाबेस सर्व्हर होते. प्रत्येकाला दोन कार्डं, दोन वेगळे स्विच, मोड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एका वेळी एकच कार्ड कामाला, दुसरं राखीव), एमआयआयमॉन १०० (दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासणं), आणि पहिलं कार्ड ‘प्रायमरी’, म्हणजे ते चालू असेल तेव्हा काम त्याच्याकडेच. साहेबांनी तुमच्यासारखीच कमांड मारली आणि चेकलिस्टवर टिक केली. मी म्हटलं, केबल काढून बघू. कुरकुरत काढली. एक पिंग हरवलं, पुढचं आलं. ‘झालं समाधान?’ असं म्हणत त्यांनी पिंगची विंडो बंद केली आणि मग केबल परत लावली. या क्रमाने. मी बघत होतो, तरी बोललो नाही.

काही महिन्यांनी एका रात्री पहिल्या स्विचचं फर्मवेअर बदललं. स्विच बंद झाला तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही. घोळ झाला तो परत आल्यावर. पोर्टचा दिवा लागला, शंभर मिलिसेकंदांच्या आत बाँडिंगला लिंक दिसली, आणि प्रायमरी आलं म्हणून सगळा ट्रॅफिक तिकडे उडी मारून गेला. पण स्विचच्या त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र तयार होऊ न देणारी स्विचची व्यवस्था) आत्ता कुठे सुरू होत होतं: १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. ते ३० सेकंद पोर्ट काहीही पुढे जाऊ देत नाही. दिवा हिरवा, बाँड खूश, पॅकेटं विहिरीत. दोन्ही सर्व्हरांचं प्रायमरी त्याच स्विचवर होतं आणि या दोघांच्या जोडीचा, म्हणजे क्लस्टरचा, टाइमआउट १० सेकंदांचा. दोघांनीही एकमेकांना मेलेलं ठरवलं. डेटा जुळवता जुळवता उजाडलं.

मीटिंगमध्ये खापर स्विचवाल्यांवर फुटलं. ‘लिंक फेल्युअरची टेस्ट पास होती,’ साहेब म्हणाले. कागदावर तसंच होतं. खाली माझीही सही होती, हे इथे कबूल करतो.

तर टेस्ट अशी करा. सेकंदाला एक पिंग नको, अर्ध्या सेकंदाची फट त्यात दिसेलच असं नाही. ०.२ सेकंदाच्या अंतराने, वेळेच्या नोंदीसह चालवा. सोबत एखादी मोठी फाइल कॉपीला लावा. केबल उपसा, पाच मिनिटं थांबा, परत लावा, आणखी पाच मिनिटं थांबा. मग दुसरी केबल. मग अख्ख्या स्विचची वीज. शेवटपर्यंत विंडो बंद करायची नाही! प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /proc फोल्डरमधल्या) बाँडिंगच्या फाइलमध्ये ‘लिंक फेल्युअर काउंट’ वाढला का तेही बघा.

आमच्यासारखं दिसलं तर सर्व्हरकडचे पोर्ट स्विचवर एज पोर्ट करून घ्या, म्हणजे ती ३० सेकंदांची थांबणी टळते. तो ताबा तुमच्याकडे नसेल तर अपडिले (लिंक परत आल्यावर ती वापरण्याआधी थांबायचा वेळ) ४०,००० मिलिसेकंद ठेवा, किंवा प्रायमरी-रीसिलेक्ट ‘फेल्युअर’ करा, म्हणजे चालू कार्ड पडेपर्यंत प्रायमरीकडे उडी नाही. माझं विचाराल तर प्रायमरी काढूनच टाका. दोन्ही लिंक सारख्या असताना एकीचे लाड कशाला? ‘ट्रॅफिक कुठल्या स्विचवर आहे ते ठरलेलं बरं’ असं साहेबांचं म्हणणं. ते प्रॉकमधल्या त्याच फाइलमधली एक ओळ वाचली की कळतं.

हे सगळं तुमचा मोड अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप आहे असं धरून लिहिलं. एलएसीपी (सर्व्हर आणि स्विच एकमेकांना निरोप पाठवून दोन्ही लिंक एकत्र वापरतात तो मोड) असेल तर प्रायमरीचा प्रश्नच नाही, पण निरोपांचा रेट बघा. स्लोमध्ये दर ३० सेकंदांनी निरोप जातो आणि ९० सेकंदांनी टाइमआउट होतो. फास्टमध्ये १ आणि ३. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल आणि फायबर जोडणारा डबा) असेल आणि पलीकडची बाजू मेली तरी अलीकडचा दिवा चालू राहत असेल, तेव्हा हा फरक जाणवतो. एमआयआयमॉनला पुढच्या पोर्टापलीकडचं काही दिसत नाही. त्यासाठी एआरपी मॉनिटरिंग (नेटवर्कवरच्या ठरलेल्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं) आहे, पण ते एलएसीपीसोबत चालत नाही. आणि हो, कन्सोल हाताशी नसताना दूरच्या सर्व्हरवर यातलं काहीही करू नका.

साहेबांनी प्रायमरी अजून काढलेलं नाही. अपडिले मात्र लावलाय, आणि त्याला ते ‘फाइन ट्यूनिंग’ म्हणतात.