शेंडेनक्षत्राला शेपूट नसते

प्रश्न असा आला आहे: ‘एका बातमीत "धूमकेतूसारखी क्षणभर चमकून विझलेली कारकीर्द" असं वाचलं. हा प्रयोग बरोबर आहे का? आमची आजी धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायची. तो शब्द गावंढळ आणि चुकीचा आहे, असं एका शिक्षकांनी सांगितलं. तेही खरं का? आणि धूमकेतु की धूमकेतू?’

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो, कारण ही चूक मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तितकाच चिडतो. प्रयोग साफ चूक आहे. क्षणभर चमकून विझते ती उल्का. धूमकेतू आकाशात धावत नाही. इतर ताऱ्यांबरोबर तो उगवतो, त्यांच्याबरोबर मावळतो आणि दुसऱ्या दिवशी थोडा सरकलेला दिसतो. १९९७ साली गाजलेला हेल-बॉप सगळा धरून दीड वर्षाच्या आसपास नुसत्या डोळ्यांना दिसत होता. एवढा मुक्काम करणाऱ्याला ‘क्षणभर’ कसं म्हणायचं? झटपट वर चढणाऱ्या माणसाला इंग्रजीत उल्केची उपमा देतात. ती मराठीत ओढून आणताना कुणीतरी उल्केच्या जागी धूमकेतू बसवला असावा आणि क्रीडापानांनी तो उचलला.

मराठीचा स्वतःचा वाक्प्रचार ‘धूमकेतूसारखा उगवला’ हा आहे. ध्यानीमनी नसताना समोर येऊन उभा राहिला, असा त्याचा अर्थ. तो नेमका आहे आणि त्याला आधार भक्कम आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत धूमकेतूंवर केतुचार नावाचा अख्खा अध्याय लिहिला, त्यात सुरुवातीलाच तो सांगतो: ‘दर्शनमस्तमयो वा न गणितविधिनास्य शक्यते ज्ञातुम्’. ग्रहणं आणि ग्रहांच्या गती गणितात बसवणाऱ्या परंपरेनं इथं सरळ हात टेकले आहेत. याचा उदय आणि अस्त गणितानं कळत नाही. हॅलीचा धूमकेतू २०६१ साली येणार हे आज आपण सांगू शकतो. पण एखादा नवा, तेजस्वी धूमकेतू कधी येईल ते आजही कुणी सांगू शकत नाही. तेव्हा ‘उगवला’ म्हणा, खुशाल म्हणा. ‘चमकून गेला’ म्हणू नका.

आता शेंडेनक्षत्र. खरं तर मला याच्यावरच बोलायचं आहे.

शब्द चुकीचा ठरवणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की नक्षत्रं सत्तावीस, अश्विनीपासून रेवतीपर्यंत. त्यांच्यात हे अठ्ठाविसावं कुठून आलं? हा आक्षेप घेणाऱ्यांनी ऋग्वेद उघडावा. सातव्या मंडलातल्या एक्याऐंशीव्या सूक्तात उगवत्या सूर्याला नक्षत्र म्हटलं आहे: ‘उद्यन्नक्षत्रमर्चिवत्’. चंद्राच्या वाटेवरचे सत्तावीस मुक्काम हा त्या शब्दाचा नंतर आखडलेला, ज्योतिषातला अर्थ आहे. आकाशात तेजानं उठून दिसणारं ते नक्षत्र, हा जुना, ऐसपैस अर्थ मराठीनं जपला. ‘पोरगी नक्षत्रासारखी आहे’ असं म्हणणारी आजी तिला कृत्तिका की रोहिणी हे ठरवायला बसत नाही.

दुसरा वाद जास्त रंगतदार आहे. शेंडेनक्षत्र म्हणजे शेंडी असलेलं नक्षत्र, असं बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात. ग्रीकांचा दाखला देतात: ‘कोमे’ म्हणजे केस, ‘कोमेतेस’ म्हणजे लांब केसांचा, त्यावरूनच इंग्रजी कॉमेट, तिकडे केस, इकडे शेंडी, जुळलं. जुळलं खरं, पण ग्रीक शब्द मराठी समासाचा निवाडा करू शकत नाही. शेंडी हा शब्द स्त्रीलिंगी, ईकारान्त. त्याचा समास ‘शेंडीनक्षत्र’ व्हायला हवा होता. ‘शेंडे’ हे रूप आकारान्त पुल्लिंगी शब्दाचं आहे. घोडा, घोडेस्वार. आंबा, आंबेमोहर. शेंडा, शेंडेफळ. त्याच ओळीत शेंडा, शेंडेनक्षत्र. हे शाळेतल्या व्याकरणाइतकं साधं आहे, तरी शेंडीवाले ते मानायला तयार नसतात. समासाचा विग्रह मात्र दोन्हीकडे वेगळा. शेंड्यावरचं फळ ते शेंडेफळ, म्हणजे झाडाच्या टोकाला सगळ्यांत शेवटी धरलेलं, म्हणून धाकटं मूल. शेंडा असलेलं नक्षत्र ते शेंडेनक्षत्र. शेंडा आणि शेंडी सख्खी भावंडं आहेत, हे कबूल. दोन्ही संस्कृत ‘शिखण्ड’मधून प्राकृतात झिजत आपल्याकडे आली. पण शेंडी डोक्यावरून मागे रुळते आणि शेंडा वर जातो. मराठीनं यातला शेंडा निवडला आणि माझ्या मते त्याचं कारण आकाशात उभं आहे.

धूमकेतू सूर्याच्या जवळ आला की त्याच्यातलं बर्फ थेट वाफ होऊन उडतं, धूळ सुटते आणि तो उजळतो. म्हणजे तो सगळ्यांत झगझगीत असतो तेव्हा बहुधा सूर्याच्या आसपास असतो. म्हणून तो दिसणार संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला किंवा पहाटे सूर्य उगवण्याआधी पूर्वेला. दोन्ही वेळी सूर्य क्षितिजाखाली. आणि धूमकेतूचा तो लांब पट्टा कायम सूर्याच्या उलट दिशेला पसरतो. जर्मनीतल्या पेटर आपियाननं १५३१ च्या धूमकेतूवर हे टिपलं. तो हॅलीचाच धूमकेतू होता. सूर्य खाली, तर पट्टा कुठं जाणार? वर. संध्याकाळ असो की पहाट, तेजस्वी धूमकेतू माणसाला दिसतो तो डोकं क्षितिजाकडे आणि पट्टा आकाशात चढलेला, कधी थोडा कललेला. वर जाणाऱ्या टोकाला मराठी शेतकरी शेंडा म्हणतो. त्याला दुसरा शब्द सुचलाच कसा असता!

२०२४ च्या ऑक्टोबरात ज्यांनी त्सुचिनशान-ॲटलस पाहिला त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि नेमक्या त्याच दिवशी तो धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. त्यानंतरच्या संध्याकाळी मी उसाच्या फडाच्या बांधावर दुर्बीण घेऊन उभा असायचो. आधी शुक्र दिसायचा, ठळक, नैर्ऋत्येला. उजवीकडे क्षितिजालगत स्वाती. त्या दोघांच्या मधल्या आकाशात, शुक्रापेक्षा वर, काळोख जरा दाटला की तो पुसट ठिपका सापडायचा. दुर्बिणीत त्याचा माथा दाट दुधाळ दिसे आणि त्यातून निघालेला पट्टा वर जाता जाता रुंद आणि विरळ होई. समोर फडातला ऊस उभा होता: खाली कांड्या घट्ट, वर शेंड्याला वाढे मोकळे सुटलेले. मान वर केली की आकाशात तीच ठेवण. कोजागिरी आली तशी चांदण्यानं पट्टा खाऊन टाकला, पण तोवर माझं शेंड्याबद्दलचं मत पक्कं झालं होतं.

तेव्हाच्या दोन-तीन संध्याकाळी अनेकांनी त्याच्या फोटोंत सूर्याच्या दिशेनं निघालेला एक बारीक काटाही टिपला. शेंडा खालीही असतो, मग तुमचं कसं, असं मला एकानं विचारलं. तो काटा म्हणजे धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलात पसरलेली धूळ. पृथ्वी ते प्रतल ओलांडत असताना ती आपल्याला कडेनं दिसते, म्हणून सूर्याकडे गेल्यासारखी भासते. त्यानं शेंड्याला काही बाध येत नाही. अपवाद वेगळे आहेत. १९९६ च्या मार्चमध्ये हयाकुताके पृथ्वीच्या फार जवळून, जेमतेम दीड कोटी किलोमीटरवरून गेला आणि ध्रुवाच्या बाजूला रात्रभर दिसला. असा धूमकेतू शेंडा कुठेही करील. पण शब्द घडतात ते नेहमी दिसणाऱ्या रूपावरून.

शेजारच्या भाषांनी शेपूट धरलं. हिंदीत पुच्छल तारा, गुजरातीत पूंछडियो तारो, तेलुगूत तोकचुक्का म्हणजे शेपटीचा तारा, तमिळमध्येही वाल् म्हणजे शेपूटच. आता आपणही शाळेच्या पुस्तकांपासून बातम्यांपर्यंत ‘धूमकेतूची शेपटी’ म्हणतो. शेपटीनं एक चुकीची समजूत डोक्यात घातली: शेपूट मागे असतं, म्हणजे हा पुढे पळतो आणि पट्टा मागे फरफटतो. तसं नसतं. सूर्याला वळसा घालून धूमकेतू परत निघाला की पट्टा त्याच्या पुढे असतो! सूर्याचा प्रकाश बारीक धूळ बाहेर ढकलतो आणि सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत वायूला सरळ सूर्याच्या उलट दिशेला रेटतो. असा झोत असलाच पाहिजे, हे १९५१ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बीरमान यांनी धूमकेतूंच्या याच पट्ट्यांवरून ताडलं. अंतराळयानं त्या वाटेवर अजून पाठवली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. शेंडा म्हटलं असतं तर ‘मागे’ हा विचारच आला नसता.

आणि शेंडा हा काही खेडवळ अपभ्रंश नाही. वराहमिहिर त्या पट्ट्याला शिखा म्हणतो. चलकेतू नावाचा एक केतू तो सांगतो: पश्चिमेला दिसणारा, दक्षिणेकडे टोक केलेल्या अंगुळभर शिखेचा, जसजसा उत्तरेकडे जाईल तसतसा लांबत जाणारा. हे कुणीतरी रोज संध्याकाळी उभं राहून पाहिलेलं आहे. भवकेतूच्या वर्णनात तर तो सिंहाच्या शेपटीची उपमा देतो, तरी शब्द शिखाच वापरतो: ‘हरिलाङ्गूलोपमया प्रदक्षिणावर्तया शिखया’. शेपूट समोर असताना त्यानं ते उपमेपुरतं ठेवलं. संस्कृतात ‘शिखी’ म्हणजे मोर, शिखी म्हणजे अग्नी आणि शिखी म्हणजे धूमकेतूसुद्धा. तुरा असलेले तिघे. आजीचं शेंडेनक्षत्र या शिखीच्या घरचं आहे. त्याला गावंढळ म्हणणाऱ्या शिक्षकांनी एकदा केतुचार वाचावा.

‘धूमकेतू’ हा शब्दही याच बाजूची साक्ष देतो, आणि त्याच्यावरही अन्याय होतो. ‘धूर नसताना धूर म्हणणारे आपले अडाणी पूर्वज’ असा शेरा विज्ञानाच्या उत्साही मंडळींकडून मी बरेचदा ऐकला आहे. हा शब्द मुळात ताऱ्यासाठी घडलेलाच नाही. ऋग्वेदात धूमकेतू म्हणजे अग्नी. पहिल्या मंडलात तो ‘धूमकेतुः पुरुश्चन्द्रः’ आहे, धूर हाच ज्याचा ध्वज आहे असा, लखलखणारा. केतू म्हणजे खूण, दुरून ओळखू येणारं तेज, पताका. सूर्याचे किरणही वेदांत ‘केतवः’ आहेत. पेटलेल्या आगीवरून धूर वर चढतो आणि तो पाहून आग कुठे आहे ते कळतं. तळाशी तेजाचा ठिपका आणि वर चढलेली फिकट पताका: संध्याकाळच्या पश्चिमेला दुसरं काय दिसतं? अथर्ववेदात मृत्यूशेजारी धूमकेतू येतो तेव्हा शब्द आकाशाकडे वळल्यासारखा वाटतो. अमरकोशानं दोन्ही अर्थ एका चरणात बसवले: ‘अग्न्युत्पातौ धूमकेतू’, अग्नी आणि उत्पात, म्हणजे अरिष्टाची खूण, हे दोन धूमकेतू. कुमारसंभवात कालिदास तारकासुराला लोकांच्या नाशासाठी उगवलेला धूमकेतू म्हणतो, तिथं उत्पाताचा अर्थ पक्का झालेला आहे. नवग्रहांतला केतू, चंद्राच्या कक्षेवरचा तो छेदनबिंदू, याच शब्दाचा आणखी पुढचा संसार. पत्रिकेतल्या केतूला आकाशात दुर्बिणीनं शोधू नये, इतकंच सांगतो.

विज्ञानाच्या पुस्तकात धूमकेतू राहू दे. तो शब्द रुळला आहे आणि सुंदर आहे. माझा आग्रह त्याच्या पट्ट्यापुरता आहे. शेपटीऐवजी शेंडा किंवा शिखा म्हणा: वायूची शिखा, धुळीची शिखा. आणि पोरांना आकाश दाखवताना शेंडेनक्षत्र हा शब्द वापरा. तो ऐकला की कुठे पाहायचं आणि काय शोधायचं हे मुलाला आपोआप कळतं.

राहिलं ऱ्हस्व-दीर्घ. ‘धू’ कायम दीर्घ. ‘धुमकेतू’ हे दुकानाच्या पाटीवर असलं तरी चूक. शेवटचा ‘तू’ मराठीत सुटा लिहिताना दीर्घ, गुरू आणि शत्रू यांच्यासारखा. समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व: धूमकेतुदर्शन. अमरकोशातलं ‘धूमकेतू’ दीर्घ आहे ते द्विवचन म्हणून, त्याचा दाखला इथं देऊ नका. आणि त्या बातमीत ‘उल्केसारखी’ असं हवं होतं.