मुलाचा पहिला पगार आणि अमेरिकेतला टॅक्स: जूनमध्ये येणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा: भावाच्या अर्जावर ग्रीन कार्ड झालं, जूनमध्ये न्यू जर्सीला येताय, मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि त्याला इथे पार्ट-टाइम काम करायचंय. त्याचा पगार तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचा का, आणि कमावायला लागल्यावर तो तुमचा डिपेंडंट (टॅक्सच्या हिशेबात तुमच्यावर अवलंबून असलेला) राहील का? आमची दोन्ही मुलं यातून गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही ग्रीन कार्डावर येताय म्हणून त्याला काम करता येईल. एच-४ वर (एच-१ या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या मुलांना ती परवानगीच नसते. मिळते ती काही जोडीदारांना. माझी लेक दोन वर्षं एच-४ वर होती, वर्गातल्या मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात लागल्या आणि ती घरी बसली. फार वाईट वाटायचं. तुमच्या ओळखीत कुणी एच-१ वर येणार असेल तर त्यांना हे आधीच सांगा. रोखीतलंसुद्धा काम मुलांना करू देऊ नका, पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ते अंगाशी येतं.

आता पगार. तो मुलाचा असतो, तुमच्या रिटर्नमध्ये येत नाही. भरायचंच झालं तर तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने १०४० (टॅक्स रिटर्नचा फॉर्म) भरतो. तरीही तो तुमचा डिपेंडंट राहतो, कारण तो किती कमावतो हा निकषच नाही. वर्षअखेरीला १९ च्या आत (पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत), निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे राहिलेला, आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः न उचलणारा, एवढं पुरतं. मात्र ३१ डिसेंबरला तो १७ चा झालेला असेल तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, २०२५ साठी २,२०० डॉलरपर्यंत) मिळत नाही, ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळतं. त्याची जन्मतारीख बघून ठेवा.

आमचं चुकलं ते इथे. मुलाने फेब्रुवारीत फोनवरच रिटर्न भरून टाकला आणि ‘मला कुणीतरी डिपेंडंट दाखवू शकतं’ या चौकटीत खूण केली नाही. मार्चमध्ये आम्ही आमचा पाठवला तर तो परत आला, कारण त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच वापरला गेला होता. मग त्याचा १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) भरून दुरुस्ती केली. तेव्हा तुमच्या मुलाचा रिटर्न त्याच्या शेजारी बसून भरा आणि ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जानेवारीअखेर मालक डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) देतो. त्यात चौकट १ म्हणजे पगार, चौकट २ म्हणजे कापलेला फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स. २०२५ साठी नुसत्या पगारावर १५,७५० डॉलरपर्यंत फेडरल टॅक्स लागत नाही, म्हणून चौकट २ मधले पैसे परत मिळतात. पण रिटर्न भरला तरच, आणि ती मुदत तीन वर्षांची. चौकट ४ आणि ६ मधले, म्हणजे सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा आरोग्यविमा) मिळून ७.६५ टक्के, परत येत नाहीत. हे मुलाला आधीच समजावा, पहिला चेक बघून मुलं हिरमुसतात.

तुमचं पहिलं वर्ष मात्र वेगळं. वर्षाच्या मध्ये आलेल्याला त्या वर्षी स्टँडर्ड डिडक्शन (वरची १५,७५० ची सूट येते ती यातूनच) मिळत नाही. तुम्ही नवराबायको मिळून पूर्ण वर्षाचे रहिवासी ठरायचा पर्याय घेऊ शकता (मग जानेवारीपासूनचं भारतातलं उत्पन्नही दाखवावं लागतं), पण अविवाहित मुलाला तो पर्याय नाही. त्याने उन्हाळ्यात २,००० डॉलर कमावले तर १० टक्क्यांनी सुमारे २०० डॉलर टॅक्स बसतो. म्हणून त्या वर्षी डब्ल्यू-४ वर (पगारातून किती टॅक्स कापायचा हे मालकाला सांगणारा फॉर्म) ‘एक्झेम्प्ट’, म्हणजे टॅक्स कापू नका, असं लिहू देऊ नका. एवढ्या एका वर्षासाठी चांगला सीपीए (इथला सीए) गाठाच.

काही दुकानदार पोरांना डब्ल्यू-२ ऐवजी १०९९ देतात, म्हणजे कागदावर मूल स्वतंत्र धंदेवाईक ठरतं. तसंच शिकवण्यांचं. निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की रिटर्न सक्तीचा, आणि १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (धंदेवाईकाने स्वतःच भरायचे सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे पैसे). माझ्या लेकीला शिकवण्यांतून १,९०० सुटले, त्यावर २६८ डॉलर भरले.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्या घरांत हमखास असते: आजोबांनी नातवाच्या नावाने ठेवलेली एफडी. भारतात अज्ञान मुलाचं व्याज पालकांच्या उत्पन्नात धरतात, इथे ते त्याचंच. पगार ८,००० आणि व्याज ९०० डॉलर असेल तर डिपेंडंट म्हणून त्याची सूट पगार अधिक ४५०, म्हणजे ८,४५०. उरलेल्या ४५० वर टॅक्स, आणि रिटर्न सक्तीचा. पगार नसला तरी २०२५ मध्ये १,३५० डॉलरच्या वर व्याज गेलं की रिटर्न आलाच. त्याच्या नावावरच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा भरायचा.

बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट एप्रिल ते मार्चचं असतं, इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक खात्याचं तारीखवार स्टेटमेंट काढून आणा, आणि आजोबांना विचारा, पोस्टात काही ठेवलंय का.