पाच लाखांची अट

पत्र थोडक्यात असं: 'मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, राहायला खानापूरला. मुलगा सतरा वर्षांचा, सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला. फर्स्ट पीयूसीला 71 टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम. रात्र रात्र लॅपटॉपवर लोंढा स्टेशनात चुकलेल्या मुलीचा काहीतरी गेम करत बसतो. म्हणतो, लोक ऑनलाइन पैसे देतात, क्राउडफंडिंग. मी सांगून टाकलंय, गणपतीपर्यंत पाच लाख जमव, मी आड येणार नाही. नाही जमले तर लॅपटॉप विकायचा आणि गप्प इंजिनिअरिंगला जायचं. नातेवाइकांसमोरच बोललोय. अट बरोबर आहे ना?'

नाही. आणि थोडी शंका तुम्हालाही असणार, एरवी पत्र लिहिलं नसतंत.

टक्क्यांचं सोडा. मला खटकलं ते 'नातेवाइकांसमोरच बोललोय'. आता प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी त्या पोराला विचारणार, 'काय रे, किती जमले?' घरातली अट घरात मोडता येते. चारचौघांत घातलेली अट तुम्हालाही मागं घेता येत नाही आणि त्यालाही सोडता येत नाही. शिवाय पाच लाख हा आकडा आला कुठून? गेमला एवढा खर्च आहे म्हणून? पत्रात तसं काही नाही. जमणार नाही याची खात्री होती म्हणून हा आकडा निवडलात, असा माझा अंदाज आहे. मग सरळ 'नाही' म्हणायचं होतं. त्यावर मुलगा भांडला तरी असता. आता हरला तर दोष त्याचा त्यालाच लागणार.

तुमच्या मनात क्राउडफंडिंग म्हणजे वर्गणी आहे. पावती पुस्तक घेऊन गल्लीत फिरायचं, देणारे देतात, असं. आपल्याकडे मिलाप, केट्टो या साइटवर दवाखान्याच्या खर्चासाठी जी आवाहनं येतात त्यांनी हा समज पक्का केलाय. गेमचं तसं नसतं. तिथं माणूस दान करत नाही, आगाऊ ऑर्डर देतो, आणि दिलेल्या तारखेला माल मागतो. आता तुमच्याच कारखान्यातलं सांगा, नमुन्याचं कास्टिंग पास झाल्याशिवाय गिऱ्हाईक मोठी ऑर्डर देतं का? अमेरिकेतल्या टोबी फॉक्सनं 2013 मध्ये 'अंडरटेल' या गेमसाठी किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर फक्त 5,000 डॉलर मागितले आणि 51,000 च्या वर जमले. पण त्याच्या संगीताला आधीपासून चाहते होते, आणि गेमचा सुरुवातीचा भाग त्यानं लोकांना फुकट खेळायला दिला होता. तरीही पूर्ण गेम यायला 2015 उजाडलं. म्हणजे आधी नमुना, मग चाहते, मग पैसे. तुम्ही तुमच्या मुलाला शेवटच्या पायरीवरून सुरुवात करायला सांगताय.

त्यात आणखी एक गंमत. किकस्टार्टरवर मोहीम काढायला वय अठरा पूर्ण लागतं, आणि ज्या देशांतल्या लोकांना तिथं मोहीम काढता येते त्या यादीत भारत नाही. तेव्हा तुमच्या मुलाला ते दार बंदच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं कशीबशी वाट काढून 2017 मध्ये 'राजी' या गेमसाठी तिथं मोहीम काढली होती. ठरलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की रक्कम पुरी भरली नाही तर एक पैसाही हाती येत नाही. तरी 2020 मध्ये गेम बाजारात आला. तुमची अट त्यांना लावली असती तर 2017 मध्येच त्यांचे लॅपटॉप विकावे लागले असते.

(गेम म्हणजे रमीचा जुगार, असं कुणी पाहुण्यानं सांगितलं असेल तर तेही डोक्यातून काढा. 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आणलीय ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. स्टेशनात चुकलेल्या मुलीवर कुणी पैसे लावत नाही.)

राहिला कॉलेजचा प्रश्न. केसीईटी, कॉमेडके या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा तुम्हाला माहीत आहेतच. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे, महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या 865 गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का बघा. आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट किंवा आयआयटीची यूसीड, अशी प्रवेश परीक्षा देऊन डिझाइनला जाता येतं. पीयूसी त्यानं नीट पास व्हायलाच हवी, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. परीक्षा होईपर्यंत गेमला रोज एक तास, त्याहून जास्त नाही.

परीक्षेनंतर पूर्ण गेमच्या मागं लागू नये. लोंढ्याचा एकच फलाट, पाऊस, शेवटची गाडी गेलेली, एवढा दहा मिनिटांचा तुकडा पक्का करावा आणि इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट ठेवावा. तिथं ठेवायला पैसे पडत नाहीत. संवाद मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत द्यावेत. मराठी-कन्नड पाट्यांवरून भांडणारे भांडोत, खानापूरच्या पोराला तीन भाषा कानावर फुकट मिळतात, त्या वापराव्यात. शंभर अनोळखी माणसांनी तो तुकडा शेवटपर्यंत खेळला आणि त्यातल्या दहांनी 'पुढचा भाग कधी?' विचारलं, तर पैशांचं बोलू. तोवर पैसे मागायचे नाहीत, नातेवाइकांकडे तर मुळीच नाही.

तुमच्यासाठी काम वेगळं आहे. पत्रात तुम्ही 'काहीतरी गेम' लिहिलंय. म्हणजे तुम्ही तो खेळला नाहीत. या रविवारी त्याच्या शेजारी बसून खेळा. त्याला सांगा, मी अडलो तरी काही बोलायचं नाही, मी कुठं अडतो ते वहीत लिहायचं. गेम करणारे अशीच तपासणी करतात, आणि कधी गेम न खेळलेला माणूस त्याला घरातच मिळतोय. ती मुलगी घरी पोचते का, ते मला कळवा. पुढचं पत्र मात्र त्याला लिहू द्या. या पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं.