मुलाला शाळेतून काढून घरीच प्रकल्प करत शिकवावं का? नागपुरात हे जमतं का?

ताई, मुलगा चौथीत आहे, शाळेचं नाव काढलं की त्याचं पोट दुखतं, पण जुना मिक्सर उघडायला दिला की जेवणाचीही आठवण राहत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याला घरीच त्याच्या आवडीचे प्रकल्प करत शिकू द्यावं का, कायदा आडवा येतो का, दहावीचं काय, हे तुमचे प्रश्न. तुम्ही दोघंही नोकरीला आहात आणि घरी आजी असतात, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. माझं अर्धं उत्तर त्यावरच आहे.

आम्ही इथेच नागपुरात, मानेवाड्यात राहतो. मुलगी पाचवीपासून शाळेत जात नाही. माझं हिशेबनिसाचं काम घरूनच चालतं, म्हणून हे निभलं.

आधी प्रकल्पाचं सांगतो, कारण शाळेतले प्रकल्प आपण सगळ्यांनीच केलेत. म्हणजे आईने केलेत. रात्री नऊला पोट्टं सांगणार की उद्या चार्ट न्यायचा आहे, मग दुकान शोधा, चित्रं कापा, चिकटवा. घरी तेच करायचं असेल तर शाळा काय वाईट?

आमच्याकडे एका उन्हाळ्यात मुलीने विचारलं, "बाबा, मे महिन्यात कूलर एवढा गार, अन् पावसाळ्यात तोच कूलर नुसतं चिपचिप काहून करतो?" मला उत्तर माहीत होतं, पण दिलं नाही. दोन थर्मामीटर आणून दिले. एकाच्या फुग्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून ती वाटीतल्या पाण्यात सोडायची, दुसरा तसाच कोरडा ठेवायचा. मे महिन्यातल्या दुपारी कोरडा 43 अंश दाखवायचा आणि ओला 23. तिला वाटलं ओला बिघडला. अदलाबदल करून पाहिली, तरी तेच. मग कळलं की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त उडतं. जुलैत तेच आकडे 31 आणि 27 झाले. कूलरची हवा ओल्या थर्मामीटरच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे मेमध्ये उतरायला वीस अंशांची जागा आणि जुलैत फक्त चार. हे तिने तिच्या वहीत तिच्या शब्दांत लिहिलं.

पण खरी मजा ताट्यांची, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या पडद्यांची. कूलरसमोर थर्मामीटर धरला तर 28. म्हणजे वीसपैकी पंधरा अंश उतरले. "वीसपैकी पंधरा म्हणजे चांगलं की वाईट?" इथे शेकडेवारी आली, माझ्या सांगण्याने नाही, तिला लागली म्हणून. पंचाहत्तर टक्के. मग वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) नव्या ताट्या लावून पुन्हा मोजमाप, जुन्या ताट्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कशाचा याची चौकशी, चौकातल्या कूलर दुरुस्तीवाल्या भाऊंकडे पंप उघडून पाहणं. त्यांनी तिला पंपाबद्दल जे सांगितलं ते मलाही सांगता आलं नसतं. (एक गोष्ट मात्र सक्तीची: कूलरला हात लावण्याआधी प्लग काढून तो माझ्या हातात. ओल्या कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात.)

ऐकायला छान वाटतं, पण यात मोठ्या माणसाचं काम काय ते बघा. उत्तर गिळून बसायचं, सामान पुरवायचं, आणि ती कंटाळली की "मग आता कसं कळेल?" एवढंच विचारायचं. त्यासाठी भरदुपारी घरात एक मोकळं डोकं लागतं. मोबाइल देऊन "काहीतरी शिक" म्हटलं तर मूल व्हिडिओच बघणार. मुलाने स्वतः ठरवून शिकायचं म्हणजे त्याला एकटं सोडायचं, असा अनेकांचा समज असतो. माझ्या मते एकटं सोडलेल्या मुलाला शाळा बरी.

आणि सगळं प्रकल्पातून येत नाही. पाढे, शुद्धलेखन, सलग वाचणं, हे रोज थोडं घोटावंच लागतं. कूलर कितीही उघडला तरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाही. त्यासाठी बालभारतीचीच पुस्तकं वापरतो, ती ई-बालभारतीवर फुकट आहेत.

हे परदेशी खूळ आहे असं सासरी-माहेरी कुणी म्हणालं, तर त्यांना सेवाग्रामला न्या. इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: हाताने उपयोगी काम करायचं आणि त्याच कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकायची. डॉ. अभय बंग लहानपणी तिथल्याच शाळेत शिकले. आज तिथल्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेती, सूतकताई, स्वयंपाक करत शिकतात. माझ्या लेखी विज्ञान केंद्राच्या दहा फेऱ्यांपेक्षा तिथली एक सकाळ जास्त कामाची.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला मात्र एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा कुणी "आमच्या सेंटरला पाठवा, शाळेची गरज नाही" म्हणालं तर आधी मान्यता विचारा. परत शाळेत जावंसं वाटलं तर याच कायद्याने वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला जिवापाड जपा, त्यावरची जातीची आणि जन्मतारखेची नोंद पुढे जात पडताळणीपर्यंत लागते.

दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देता येते. वय 14 पूर्ण हवं. किमान एका भाषेसह पाच विषय, आणि ते पाच वर्षांत नऊ संधींत सुटे सुटे काढता येतात. बारावी मात्र टाळू नका. मुंबईची मालविका जोशी शाळेबाहेर शिकली, संगणक ऑलिंपियाडची पदकं मिळवली, 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. पण बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं.

आता तुमचं. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडणार आणि आजींवर सगळं टाकणार असाल, तर शाळेतून काढू नका. आजींची ती दगदग नको आणि पोराचीही परवड नको. पोट कशामुळे दुखतं ते मात्र आधी शोधा. अभ्यास, एखादे सर, की बसमधली मुलं, यातलं काहीही असू शकतं, आणि काही गोष्टी नुसती शाळा किंवा तुकडी बदलूनही सुटतात. तो ट्यूशनला जात असेल तर ती बंद करा. चौथीच्या मुलाला ट्यूशन कशाला हवी? ते संध्याकाळचे दोन तास त्याला आणि मिक्सरला द्या, तुमच्यापैकी एकाने शेजारी बसा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांनी आळीपाळीने रजा टाकून एक प्रकल्प शेवटपर्यंत नेऊन बघा. तुमच्यापैकी कुणाला नोकरीत अर्धा दिवस करून घेता येतो का, हेही तोवर विचारून ठेवा. तसं जमत असेल तर पुढच्या एप्रिलमध्ये मला इथेच लिहा, एनआयओएसच्या फॉर्मपासून सगळं सांगतो.