रोज रात्री अख्खा रेपो पॅक करायची गरज नाही

गिट (कोडचा इतिहास जपणारं साधन) रेपोतला म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यातला डेटा 'पॅक' नावाच्या मोठ्या फाइलींमध्ये दाबून ठेवतं; ते काम नव्याने करणं म्हणजे रिपॅक. तुमचा रिपॅकचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) सकाळपर्यंत चालतो आणि सगळ्यांचे फेच, म्हणजे सर्व्हरवरून नवे बदल घेणं, रखडतात, असं तुम्ही लिहिलंय. कमांड दिलीय 'गिट रिपॅक -ए -डी -एफ'. त्यातला '-एफ' आजच काढा. त्याच्यामुळे गिट आधी शोधून ठेवलेले सगळे डेल्टा (दोन ऑब्जेक्टमधला नुसता फरक; ऑब्जेक्ट म्हणजे फाइल, कमिट वगैरेंची साठवलेली नोंद) टाकून देतं आणि जुन्या इतिहासासकट पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतं. कालच्या मूठभर कमिटसाठी (नोंदवलेल्या बदलांसाठी) एवढी मेहनत कशाला?

'-ए' म्हणजे सगळंच पॅक करा. तो काढला तर फक्त लूज ऑब्जेक्ट (अजून पॅकमध्ये न गेलेले, सुटे) पॅक होतात, झटक्यात. पण तुमचा सर्व्हर आहे, हे विसरू नका. १०० किंवा जास्त ऑब्जेक्टचा पुश (कोणी सर्व्हरवर पाठवलेले बदल) आला की डीफॉल्ट सेटिंगमध्ये गिट तो सुटा न करता पॅक म्हणूनच ठेवतं. '-ए'शिवायचा साधा '-डी' त्या पॅकना हातच लावत नाही, त्यांची रांग वाढतच जाते. शिवाय डिस्कवर डेल्टा आणि त्याचा बेस (ज्याच्याशी तुलना करून फरक काढला तो ऑब्जेक्ट) एकाच पॅकमध्ये लागतो. त्यामुळे एखादी मोठी फाइल रोज थोडी थोडी बदलत असेल, तर ती जवळपास प्रत्येक पॅकमध्ये पुन्हा अख्खी येऊन बसते. रेपो फुगतो तो इथे.

म्हणून 'गिट रिपॅक --जिऑमेट्रिक=२ -डी --राइट-मिडएक्स' वापरा. जिऑमेट्रिक गिटच्या २.३२ आवृत्तीत आलं (२०२१), मिडएक्सची जोड २.३४ मध्ये. नियम एवढाच की प्रत्येक पॅकमध्ये त्याच्याहून लहान पॅकच्या किमान दुप्पट ऑब्जेक्ट हवेत. समजा चार पॅक आहेत: ८ लाख, ५० हजार, २० हजार, १५ हजार. २० हजार हे १५ हजारांच्या दुप्पट नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र. झाले ३५ हजार. आता ५० हजारही कमी पडतात, तेही आत; झाले ८५ हजार. ८ लाख त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त, म्हणून तो पॅक जागचा हलत नाही. लूज ऑब्जेक्टही याच फेरीत आत जातात. मिडएक्स म्हणजे सगळ्या पॅकची मिळून एक इंडेक्स (कुठला ऑब्जेक्ट कुठे आहे याची सूची), त्यामुळे शोधताना एकेक इंडेक्स चाळावी लागत नाही.

यात कचरा मात्र निघत नाही. कुठल्याच ब्रँचवरून (कामाच्या शाखेवरून) न पोचता येणारे ऑब्जेक्ट तसेच राहतात. त्यासाठी महिन्यातून एखाद्या रविवारी 'गिट रिपॅक --क्रफ्ट -डी' चालवा (गिट २.३७ पासून). नुसत्या '-ए -डी'पेक्षा मला हे सुरक्षित वाटतं, कारण असे पॅकमधले ऑब्जेक्ट '-ए -डी' तिथल्या तिथे फेकून देतं, तर क्रफ्ट ते वेगळ्या पॅकमध्ये ठेवतं. चुकून उडवलेली ब्रँच कोणी मागायला आलं, तर तिचे कमिट अजून हाताशी असतात.

बदल करण्याआधी आणि आठवड्याने 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही'चं आउटपुट इथे टाका. पॅकची संख्या आणि एकूण साइझ बघून २ ठेवायचा की वाढवायचा ते ठरवू.