सही करण्याआधी: कॉलेज आइस हॉकीविषयी वाचकांचे प्रश्न

बहिणीचा मुलगा मिशिगनमध्ये शाळेच्या संघात आइस हॉकी खेळतो. एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या) क्लबने ड्राफ्टमध्ये निवडलं की कॉलेज सोडावंच लागतं का? (वाचक, नाशिक)

नाही. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडणं. त्यातून क्लबला मिळतो तो फक्त करार करण्याचा हक्क. मुलगा कॉलेजकडून खेळत राहू शकतो. ओवेन पॉवरला २०२१ मध्ये बफेलोच्या क्लबने सगळ्यांत आधी निवडलं, तरी तो मिशिगन विद्यापीठात आणखी एक हंगाम खेळला. परतीचं दार बंद होतं ते व्यावसायिक करारावर सही केली की.

मग एका वर्षात निघावं की थांबावं? (वाचक, न्यू जर्सी)

मॅकलिन सेलेब्रिनी बॉस्टन विद्यापीठात एकच हंगाम खेळला. सतराव्या वर्षी होबी बेकर पुरस्कार (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा), २०२४च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक, आणि थेट एनएचएलचा सॅन होजे क्लब. पण पोरांना हेच एक उदाहरण पाठ असतं! केल मकारला कोलोरॅडोने २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं होतं, तरी तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं राहिला. १३ एप्रिल २०१९ला कॉलेजची अंतिम लढत हरला आणि दोनच दिवसांनी एनएचएलच्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) पदार्पणातच गोल केला.

मी पालकांना एवढंच विचारतो: एका गोलाची आघाडी आहे, दोन मिनिटं उरली आहेत, तेव्हा प्रशिक्षक तुमच्या मुलाला बर्फावर ठेवतात की बाकावर? बाकावर असेल, तर कॉलेजात शिकायचं अजून बरंच उरलंय. शिवाय कॉलेजचे सामने मुख्यतः शुक्रवारी-शनिवारी, हंगामात चाळीसच्या आसपास. बाकीचे दिवस व्यायामाला आणि सरावाला मिळतात. एनएचएलमध्ये ऐंशीहून जास्त सामने. तिथे अंग कमवायला सवड कुठली?

क्लब मार्च-एप्रिलमध्येच सहीची घाई का करतात? (वाचक, पुणे)

तेव्हा कॉलेजचा हंगाम संपत असतो आणि एनएचएलचा चालू असतो. विशीतल्या मुलाचा पहिला करार त्याच हंगामापासून लागू झाला, तर चार-दोन सामन्यांतच त्यातलं एक वर्ष सरतं. पहिल्या करारात पगारावर मर्यादा असते, म्हणून हे मुलाच्याच पथ्यावर पडतं. क्लबला दुसरीच धास्ती असते: मुलगा सही न करता थांबला, तर हक्क हातचा जाईल. जिमी व्हेसी हार्वर्डमध्ये चारही वर्षं थांबला. त्याला निवडणाऱ्या नॅशव्हिलने जून २०१६ मध्ये आपला हक्क बफेलोला देऊन टाकला, ऑगस्टमध्ये तोही संपला आणि व्हेसी न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. त्यामुळे ‘आत्ताच ठरवा’ म्हणणाऱ्याचं घड्याळ कुणाचं, ते आधी ओळखा.

पदवीचं काय? आमच्या घरी हाच वाद आहे. (वाचक, ठाणे)

सही मार्चमध्ये, परीक्षा मे महिन्यात. मधेच सामान बांधलं तर अख्खं सत्र वाया जातं. म्हणून आधी प्राध्यापकांना भेटून उरलेले पेपर कसे देता येतील ते ठरवा. पुढे उन्हाळ्यात येऊन पदवी पूर्ण करता येईल का आणि तेव्हा फी कोण भरणार, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही.