पहिल्या एपिसोडनंतर थेरपीने स्किझोफ्रेनिया उलटणं टळतं का?

तुमचा 22 वर्षांचा भाऊ ऐरोलीत तुमच्यासोबत राहतो. स्किझोफ्रेनियाचा पहिला एपिसोड येऊन वर्ष होत आलंय, कानात ऐकू येणारे आवाज थांबलेत, कॉलेज पुन्हा सुरू झालंय. गोळ्या सोडून नुसत्या थेरपीवर भागेल का आणि थेरपीत नेमकं करतात काय, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. या वयाची मुलं आणि त्यांच्या घरचे माझ्याकडे बरेच येतात.

नुसत्या थेरपीवर भागत नाही. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या एपिसोडमधून सावरलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के जणांचा आजार 5 वर्षांत उलटला होता आणि औषध सोडलेल्यांना हा धोका जवळपास पाचपट होता. डोस कमी करायचा असेल तर तो सायकिअ‍ॅट्रिस्टनीच, हळूहळू करायचा. बरीच मुलं वजन वाढतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून घरात कुणाला न सांगता गोळ्या सोडतात. हे मोकळेपणाने बोलायला जागा मिळणं, हासुद्धा थेरपीचा मोठा भाग आहे. आणि हो, गांजापासून त्याला लांब राहू द्या. त्याने आजार उलटण्याची शक्यता खरंच वाढते.

आता थेरपीचं. आजार बहुधा एका रात्रीत उलटत नाही. आधी काही दिवस, कधी काही आठवडे, झोप उडते, चिडचिड आणि संशय वाढतो, माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो. पण प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या शोधायच्या तर तो बरा असतानाच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका मुलाचं सांगते. पहिल्या एपिसोडच्या आधीचे दिवस आम्ही मागे जाऊन एकेक आठवले. लोकलच्या डब्यात सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटून तो बसने जायला लागला होता. आईने वाढलेलं ताट तसंच ठेवून स्वतः मॅगी करून खायचा. हे सगळं त्याने स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहिलं आणि समोर काय करायचं तेही: सलग दोन रात्री झोप नाही, तर ताईला सांगायचं, ताट नको वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सगळ्यात खाली त्याने आपणहून एक ओळ घातली, ‘दाढी वाढवली, दार लावून गाणी ऐकली, तर तो आजार समजू नये.’ मला ती ओळ बाकी सगळ्या कागदाइतकीच मोलाची वाटते. घरातले प्रत्येक गोष्टीला लक्षण म्हणायला लागले की मुलगा खरी लक्षणंही लपवतो.

मेलबर्नमध्ये पहिल्या एपिसोडनंतरच्या मुलांसाठी अशीच 7 महिन्यांची थेरपी तपासून पाहिली होती. पहिल्या वर्षी आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं, पण अडीच वर्षांनी तो फरक उरला नाही. म्हणून माझं मत असं, की सेशन्स संपले तरी अधूनमधून येत राहावं आणि तो कागद पुन्हा तपासावा.

पैसे आणि वेळ एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी घरच्यांसोबतचे सेशन्स आधी घ्या म्हणेन. 2022 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त 90 चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. घरच्यांना आजार नीट समजावून सांगणं एवढ्यानेही उलटण्याचं प्रमाण घटतं, असं त्यात दिसलं. टोचून बोलणं आणि अति काळजी या दोन्हींनी धोका वाढतो, हे लंडनमधल्या जुन्या अभ्यासांपासून माहीत आहे. चंदीगडच्या अभ्यासात आपल्याकडची घरं याबाबतीत लंडनपेक्षा पुष्कळ सौम्य निघाली, पण वन बीएचकेत दिवसातून दहा वेळा ‘गोळी घेतलीस का रे?’ ऐकणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? रात्री जेवण झाल्यावर एकदाच विचारायचं, तेही एकानेच, एवढं ठरवलं तरी घरातला ताण उतरतो. आईबाबांना एक मात्र नक्की सांगा: आजार त्यांच्यामुळे झालेला नाही. स्वतःला दोष देत बसलेली आई जास्तच धास्तावते, जास्तच पाठी लागते.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था 1990 पासून इथे काम करते, तिथे शुभंकरांच्या, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, आधारगटाची चौकशी करा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा, 14416, चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पण जिवाला धोका वाटला तर फोनवर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पुढच्या फॉलोअपला सायकिअ‍ॅट्रिस्टना सांगा, की सायकोसिसमध्ये, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारांत, काम केलेला थेरपिस्ट हवाय. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी, घेत असाल तर निदान 16 सेशन्स धरा, ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तेवढे सांगतात. त्याआधी भावाला एकदा निवांत विचारा, तब्येत बिघडतेय असं वाटलं तर कुणी त्याला सांगितलेलं चालेल. त्याने तुमच्याऐवजी एखाद्या मित्राचं नाव घेतलं तर मनाला लावून घेऊ नका, त्या मित्राला एका सेशनला बोलवा.